बिअरच्या बाटलीला घरी मेणाचं सील : कोणी केलंय का?

खारा_वारा
मंडळी, प्रश्न थोडा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

आमचा सात जणांचा कंपू आहे, मुलुंड ते डोंबिवली पसरलेला. कुणी ना कुणी कामानिमित्त बाहेरदेशी जातं आणि येताना दोन लिटरच्या मर्यादेत बसेल तेवढी बिअर आणतं. मग महिन्यातून एकदा अदलाबदल. तुझी बेल्जियमची दे, माझी अमेरिकेची घे. मेव्हण्याच्या दोन फेऱ्यांत मिळून माझ्याकडे एकाच इम्पीरियल स्टाउटच्या सहा बाटल्या जमल्यात. १२ टक्क्यांची, बर्बन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली, डांबरासारखी काळी. ही ठेवली तर आणखी मुरते म्हणतात. तिकडे अशा बाटल्यांच्या बुचावर जाड मेण चढवलेलं असतं, मानेवरून ओघळ आलेले. या सहांवर ते नाही. म्हटलं आपणच करू.

परवा रविवारी घरातल्या मेणबत्त्या वितळवून एका रिकाम्या बाटलीवर प्रयोग केला. दिसायला फक्कड. फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी बघतो तर मेणाला उभी चीर. बोट लावलं आणि अख्खी टोपी अंड्याच्या टरफलासारखी हातात आली. शिवाय बायकोचं दुधाचं पातेलं कामातून गेलं, तो विषय वेगळा.

तर प्रश्न तीन. मेण कुठलं? बिअरला त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि अदलाबदलीत घरी सील केलेली बाटली तुम्ही घ्याल का?

चखणा_सम्राट
बिअर जपून ठेवतात हे आज कळलं. आमच्याकडे शुक्रवारी आणलेली शनिवारपर्यंत जगली तर तिला आम्ही जुनी म्हणतो.

बोरिवलीची_बयो
पातेल्याचा विषय वेगळा कसा? मुख्य विषय तोच आहे. पुढे काय झालं ते आधी लिहा.

रस्सा_पार्सल
मी केलंय, तीन वर्षांपूर्वी, मित्राच्या लग्नात द्यायच्या बाटल्यांना. सविस्तर लिहितो.

नुसत्या मेणबत्तीच्या मेणाची चूक करू नका. पॅराफिन थंड झालं की आकसतं आणि कडक होतं, फ्रिजमध्ये तर काचेसारखं. त्यात लवचिकपणा यायला काहीतरी घालावं लागतं. मी ग्लू गनच्या पांढऱ्या कांड्या घातल्या. तीन-चार कांड्यांना एक मेणाचा रंगखडू, मुलांचा असतो तोच, आणि मूठभर मेण. पुष्कळ जण मेण अजिबात न घालता नुसता ग्लू आणि खडू वापरतात. पण ते फार चिवट होतं, उघडताना शिव्या बसतात. मेण जास्त झालं तर तडकतं, ग्लू जास्त झाला तर रबर. दोन-तीन रिकाम्या बाटल्यांवर करून बघा, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, मग खऱ्या बाटलीला हात लावा.

भांडं थेट गॅसवर ठेवू नका. पत्र्याचा उभा डबा घ्या (बेबी फूडचा चालतो), तो पाण्याच्या पातेल्यात. पाण्याचं तापमान शंभरच्या वर जात नाही, त्यामुळे मेण पेटायची भीती नाही. ग्लू अशा आचेवर पटकन पातळ होत नाही. अर्धा तास ढवळत बसावं लागतं, सुरुवातीला तारा सुटतात, मग श्रीखंडाइतकं दाट होतं. डब्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, तडतडून अंगावर येतं. आणि समजा पेटलंच, तर पाणी ओतू नका, झाकण टाका आणि गॅस बंद करा.

बाटली फ्रिजमधून काढून लगेच बुडवायची नाही. एक म्हणजे गार काच आणि गरम मेण, वर आतला वायूचा दाब. दुसरं म्हणजे मुंबईच्या हवेत गार बाटलीला घाम येतो आणि ओल्या काचेवर मेण धरत नाही. दोन-तीन तास बाहेर ठेवा, कोरड्या फडक्यानं पुसा, मग उलटी धरून बुचाच्या खाली जेमतेम एक बोट बुडेल इतकीच बुडवा. दोन सेकंद. बाहेर काढून हळू फिरवा म्हणजे ओघळ सारखे येतात, मग सरळ धरा.

पहिल्या थरावर बारीक फोड येतील. बुचाच्या दातांमध्ये अडकलेली हवा तापून बाहेर येते, त्याचे ते. थर घट्ट झाला की दुसऱ्यांदा बुडवा, भोकं भरतात.

खारा_वारा
रस्साभाऊ, दंडवत. फोडांचं कारण आत्ता कळलं. मला वाटलं बाटली गळतेय.

पायरीवरची_माया
तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, पण आठवण आली म्हणून लिहिते. आम्ही वांद्र्याचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती. आमच्याकडे बिअरची बाटली मे महिन्यात लागायची, पण मसाल्याला. बॉटल मसाला. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, उखळात कांडून झाले की आजी तपकिरी बाटल्या काढायची. उकळत्या पाण्यात धुतलेल्या, दोन दिवस उन्हात वाळवलेल्या. नरसाळ्यातून मसाला ओतायचा आणि लाकडी काठीनं ठासायचा. एवढा ठासायचा की बाटली उलटी केली तरी चमचाभर पडू नये. हवा राहिली की मसाला गेला, असं ती म्हणायची. बाटली तपकिरीच हवी, पांढऱ्या काचेत रंग उडतो.

तेव्हा काकाला सक्त ताकीद असायची की एप्रिलमध्ये प्यायलेल्या सगळ्या बाटल्या घरी आणायच्या, भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. तो बिचारा घरकामासाठी पीत असे.

मेणाचं म्हणाल तर सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या सगळं नवसाला मिळतं. मेणाची बाटली अजून कुणी वाहिलेली पाहिली नाही. खारा_वारा, तुम्ही सुरुवात करा.

चखणा_सम्राट
घरकामासाठी पीत असे!! हे बायकोला वाचून दाखवतो.

द्राव्य_अद्राव्य
मायाताईंच्या आजीनं अर्धं रसायनशास्त्र सांगून टाकलं. उरलेलं मी सांगतो.

बिअर खराब करणाऱ्या तीन गोष्टी : उजेड, हवा, उष्णता. उजेडानं होपमधल्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कडू द्रव्याचे तुकडे होऊन एक गंधकयुक्त पदार्थ तयार होतो, त्याला घाणेरडा वास येतो. तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही. हवेतल्या ऑक्सिजननं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. गडद, जास्त अल्कोहोलच्या बिअरला थोडा ऑक्सिजन मानवतो. मनुका, खजूर, शेरीसारखे स्वाद येतात, म्हणून तर ती मुरवतात. ज्या बिअरची मजा होपच्या ताज्या वासात आहे, म्हणजे आयपीए वगैरे, ती ठेवण्यात अर्थ नाही. त्यावर सोन्याचा पत्रा चढवा, वास जायचा तो जातो.

आता मेण. बुचाच्या आत प्लास्टिकचं अस्तर असतं. मूळचं क्राउन बूच १८९२ सालचं, बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचं, त्यात बुचाच्या लाकडाची चकती असे. आजचं अस्तर त्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, तरी वर्षानुवर्षांत त्यातून थोडी हवा झिरपतेच. मेणाचा थर ते थोडं मंदावेल. पण भरताना बाटलीत जी हवा राहिली तिचं मेण काही करू शकत नाही. सहा महिने-वर्षभरात जिभेला फरक कळेल असं मला वाटत नाही.

राहिली उष्णता. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट. तिकडे तळघरात १२ अंश असतात. तुमच्या मुलुंडच्या कपाटात मे महिन्यात ३२. म्हणजे चौपट वेग. आणि सगळ्या प्रक्रिया सारख्या वेगानं वाढत नाहीत, त्यामुळे चार वर्षांचं मुरणं एका वर्षात उरकलं असंही होत नाही. वेगळंच काहीतरी होतं. मेणाच्या आधी बाटली कुठे ठेवणार ते सांगा.

खारा_वारा
कपाटातच. लॉफ्टवर नाही, खाली, चपलांच्या वरच्या कप्प्यात.

(हसू नका, घरात सगळ्यात अंधारी जागा तीच आहे.)

चौथा_मजला_गिरगाव
चपलांचा स्वाद पण मुरेल की. "नाकाला चामड्याची हलकी छटा."

सांडपत्र
लाखेचा विचार केला का? मी पोस्टात एकतीस वर्षं काढली. विम्याचं पार्सल कापडात शिवायचं, शिवणीवर लाख, त्यावर पितळी मोहोर. मेणबत्तीवर कांडी धरायची, लाखेचा थेंब पडतो तोच मुळी चकचकीत. रोज शंभर पार्सलं केली तरी तो वास नकोसा झाला नाही. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांचा चीक. आता खरी लाख कमी, बरीचशी राळेची भेसळ. पण स्टेशनरीच्या दुकानात लाल कांडी अजून मिळते. शिवाय तुमच्या नावाची मोहोर करून घेता येईल, अदलाबदलीत शोभेल.

रस्सा_पार्सल
काका, लाख बाटलीला चालत नाही हो. फार ठिसूळ. कागदावर चालते कारण तिथे ती मोडण्यासाठीच असते, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. बाटली हातातून हातात जाते, पिशवीत आपटते. लोकलमध्ये ठाण्यापर्यंत गेली की लाखेचा चुरा पिशवीत.

सांडपत्र
हं. मोडण्यासाठीच असते, हे बरोबर बोललात.

कायद्याचं_बोला
रंगाचा बेरंग करायला आलो आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. बिअरला वय २१, कडक दारूला २५. प्यायला आणि जवळ ठेवायला परवाना लागतो, तो काढून ठेवा, महागडा नसतो. विनापरवाना विक्री गुन्हा. एका बाटलीमागे रुपया जरी घेतलात तरी तुम्ही विक्रेते. अदलाबदलीबद्दल इथे फुकट मत देणार नाही. पोस्टानं किंवा कुरियरनं बाटल्या पाठवू नका, पाठवायच्या तर स्वतः घेऊन जा. आणि हो, घरी बिअर बनवायचा पुढचा धागा काढू नका, तेही परवान्याशिवाय चालत नाही.

अवांतर : लाल रंग सोडून कुठलाही वापरा. केंटकीतल्या मेकर्स मार्क व्हिस्कीच्या लाल मेणाचे ओघळ हा त्यांचा ट्रेडमार्क आहे. एका टकीलावाल्यांनी तसंच लाल मेण ओघळवलं तर खटला झाला. २०१२ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं व्हिस्कीवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला. ओघळांवर मालकी, बोला!

चखणा_सम्राट
आमच्या बाथरूमच्या भिंतीवरच्या ओघळांवर वरच्या मजल्यावाल्यांची मालकी आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सिद्ध झालंय.

दादर_पश्चिम
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मी घेणार नाही. कारण सांगतो, जरा लांबेल.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून बार्लीवाइनची (नावात वाइन, पण कडक बिअरच) बाटली घेतली होती. बदल्यात मी माझी शेवटची गोझ, म्हणजे आंबट बेल्जियन बिअर, दिली, ब्रसेल्सहून आणलेली. त्याच्या बाटलीला घरचं हिरवं मेण, सुरेख, अगदी मानेच्या अर्ध्यापर्यंत. म्हणाला, पाच वर्षं मुरलीय. वाढदिवसाला उघडली. मेण कापताना आतून तपकिरी पाणी आलं. बुचाचे दात गंजून एकमेकांना चिकटलेले, ओपनर लावला तर कडा तुटून हातात. बिअर सपाट. फेस नाही, काही नाही, कालचा काढा.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. मेण मानेपर्यंत असल्यामुळे आत बिअरची पातळी किती, ते दिसतच नव्हतं. गळून दोन बोटं कमी झाली असेल तरी कळायचं नाही. बुचावर छापलेली तारीख झाकलेली. बूच मूळचं की बदललेलं, तेही झाकलेलं. तो माणूस लबाड होता असं म्हणत नाही, त्यालाही माहीत नसेल. ओल्या बुचावर मेण चढवलं असेल, ओल आत कोंडली गेली. पण तेव्हापासून माझा नियम : कारखान्याचं मेण असेल तर ठीक, घरचं असेल तर नमस्कार.

द्राव्य_अद्राव्य
गंजाचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्या प्रतिसादात राहिला. बूच कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं असतं, पण कापलेल्या कडांवर पोलाद उघडं पडतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट की दात गंजतातच. कोरड्या बुचावर नीट मेण असेल तर मुंबईत मेणाचा खरा फायदा हाच आहे, ऑक्सिजनपेक्षा गंज. आणि ओल्या बुचावर लावलं तर खरा तोटाही हाच.

रस्सा_पार्सल
दादर, तुमच्या गोझबद्दल मनापासून दुःख. पण म्हणूनच मी लिहिलं, एक बोटच बुडवा. मानेतली पातळी दिसली पाहिजे. आणि बुडवायच्या आधी बुचाचा फोटो काढायचा, तारखेसकट, बाटली देताना सोबत पाठवायचा. वाटल्यास मेणाखाली सुती दोरा ठेवा, टोक बाहेर, म्हणजे ओढला की मेण गोल फाटतं आणि सुरी लागत नाही.

चौथा_मजला_गिरगाव
उघडण्यावरून आठवलं. मी एकदा मेणावरूनच सरळ ओपनर लावला. बूच निघालं पण मेणाचा चुरा ग्लासात. पाहुण्यानं चावून बघितला आणि म्हणाला, चखणा वेगळाच आहे.

अवांतर : बुचांना आम्ही लहानपणी बिल्ले म्हणायचो. सोड्याचे, बिअरचे, सगळे दगडानं ठोकून सपाट करायचे, मधे दोन भोकं, दोरा, भिंगरी. दात मोजले आहेत का कुणी? २१ असतात.

बोरिवलीची_बयो
आत्ता उठून मोजले. एकवीस! सासूबाई विचारतायत, रात्री साडेअकराला काय मोजतेस.

माळ्यावरचा_मामा
आमच्याकडे गणपतीच्या आवराआवरीत माळ्यावर स्ट्राँगची ६५० ची बाटली सापडली. लेबलवर सहा महिन्यांत प्या असं लिहिलेलं, बाटली सात वर्षांची. मी म्हटलं मुरली असेल. मेहुणा म्हणाला तू आधी. सांगण्यासारखं एवढंच की कुंडीतल्या मोगऱ्यानंही ती नीट घेतली नाही.

द्राव्य_अद्राव्य
स्ट्राँग म्हणजे आठ टक्क्यांच्या आत, हलक्या अंगाची, पाश्चराइज केलेली. त्यात मुरण्यासारखं काही नसतं मामा.

माळ्यावरचा_मामा
मामात पण नाही. :)

खारा_वारा
सगळे प्रतिसाद वाचले. ठरवलंय असं. सहापैकी दोन अदलाबदलीला, मेणाशिवाय, जशा आहेत तशा. दादरकरांचं पटलं. उरलेल्या चारांचा प्रयोग. दोन फ्रिजच्या भाजीच्या खणात, एक मेणाची, एक बिनमेणाची. दोन चपलांच्या कप्प्यात, त्यातही एक मेणाची, एक बिनमेणाची. आज १० मे. दसऱ्याच्या आसपास चारही उघडणार, कोणती कुठली ते न सांगता. मुलुंडला या, ज्यांना यायचंय त्यांनी.

रस्साभाऊंच्या मापानं मेण केलं, काळ्या रंगखडूनं. दुसऱ्यांदा बुडवून काढली तेव्हा मेण मानेवरून सावकाश उतरत होतं आणि मी ती फिरवत उभा, श्वास रोखून. मुलगी शेजारी उभी होती, तिला वाटलं चॉकलेट आहे.

दादर_पश्चिम
येतो. मुलुंड लांब आहे पण येतो.

खारा_वारा
धागा वर काढतोय. काल उघडल्या. पाच जण होतो, दादर आणि रस्साभाऊ दोघेही आले, पहिल्यांदाच भेटलो.

फ्रिजमधल्या दोन : कुणालाच फरक सांगता आला नाही. पाचांपैकी तिघांनी मेणाची म्हणून बिनमेणाची उचलली, त्यात मी एक. दोन्ही उत्तम, गुळाचा पाक आणि कॉफी. बिनमेणाच्या बुचाच्या दोन दातांवर गंज होता, मेणाच्या खाली बूच लखलखीत.

कपाटातल्या दोन : मेणाची काय, बिनमेणाची काय, दोन्हींत पुठ्ठा. मागे थोडी मनुका, पण आधी पुठ्ठा. दादर एक घोट घेऊन म्हणाला, ही चव मी ओळखतो.

मेण कापताना सुती दोरा तुटला. सुरीच लागली.

द्राव्य_अद्राव्य
अपेक्षित. तरी चारच बाटल्यांवरून फार काही म्हणू नका. पुढच्या वेळी कपाटाऐवजी एक जुना छोटा फ्रिज बघा, १२ अंशांवर लावता येईल असा.

चौथा_मजला_गिरगाव
चामड्याची छटा आली का?

खारा_वारा
नाही. पुठ्ठ्यानं चामडं खाल्लं.

बोरिवलीची_बयो
पाच महिने झाले, पातेल्याचं काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही.

खारा_वारा
दुसऱ्याच दिवशी नवीन आणलं, पाच लिटरचं, जाड बुडाचं. जुनं आता मेणाचं, चपलांच्या कप्प्यात असतं.